क्षयरोगावरील गृहोपचारांचे मद्रास परीक्षण

फुप्फुसाच्या क्षयाचा रुग्ण बरा होण्यासाठी त्याला आरोग्यधामात ठेवणे आवश्यक आहे, की घरीच औषधे देऊन तो बरा होऊ शकतो, याचा निर्णय करण्यासाठी मद्रास (सध्याचे चेन्नई) येथे १९५६ पासून करण्यात आलेले नियंत्रित चिकित्सालयीन परीक्षण.

विश्रांती, मोकळी हवा व सकस आहार हेच विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत क्षयाचे मान्य उपचार होते. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनाचा शोध लागला. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या परीक्षणात १०७ रुग्णांची यदृच्छ पद्धतीने दोन गटांत विभागणी केलेली होती. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ रुग्णांपैकी ४, तर केवळ विश्रांती दिलेल्या ५२ पैकी १४ मरण पावले. मात्र एकट्या स्ट्रेप्टोमायसिनाला जंतू दाद देईनासे होतात, हेही याच वेळी दिसून आले. त्यामुळे दोन औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली. १९५२ मध्ये आयसोनियाझीड हे स्वस्त व पोटात घेता येणारे औषध उपलब्ध झाले.

भारतापुढील प्रश्न वेगळा होता. रुग्णांची संख्या लाखांनी मोजण्याइतकी, तर खाटा काही हजारच होत्या. सर्वांसाठी आरोग्यधामे बांधणे आर्थिक दृष्ट्या अशक्य होते. परंतु दाट वस्तीत, अपुऱ्या अन्नावर राहणारा रुग्ण घरी बरा होईल काय व त्याच्यापासून मुलाबाळांना संसर्ग होणार नाही काय, ही शंका रास्त होती. तिचे निरसन केवळ तर्काने होण्यासारखे नव्हते. म्हणून भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास राज्य शासन, जागतिक आरोग्य संघटना व ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषद यांच्या सहकार्याने मद्रासमध्ये क्षयरोग रसायनोपचार केंद्र स्थापन झाले. वॉलेस फॉक्स हे ब्रिटिश वैद्य त्याच्या कार्याचे प्रमुख सूत्रधार होते.

शहरातील गरीब वस्तीमधील १९३ रुग्णांची यदृच्छ निवडीने विभागणी करण्यात आली. दोन्ही गटांना एक वर्षभर आयसोनियाझीड व पॅरा-ॲमिनोसॅलिसिलिक अम्ल हीच औषधे देण्यात आली. फरक होता तो राहण्याच्या जागेचा, आहाराचा व विश्रांतीचा. गृहोपचार गटातील रुग्ण ठराविक दिवशी केंद्रात येऊन औषध नेत. ते खरोखर घेतले जाते की नाही, हे पाहण्यासाठी अचानक घरी जाऊन गोळ्या मोजीत व लघवीची तपासणी करीत. रुग्णाच्या शब्दावर विसंबून न राहण्याची ही दक्षता या परीक्षणाचे मोठे बलस्थान म्हटले पाहिजे.

निष्कर्ष १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले. आरोग्यधामातील रुग्णांना अधिक चांगले अन्न मिळाले व त्यांचे वजनही अधिक वाढले. तरीही वर्षअखेर जंतूंच्या दृष्टीने रोग शांत झालेल्यांचे प्रमाण आरोग्यधामात सु. ९२ टक्के, तर घरी सु. ८६ टक्के होते. कुटुंबीयांची पाच वर्षे पाहणी केल्यावर, रुग्ण घरी राहिल्यामुळे त्यांना अधिक धोका पोचल्याचे आढळले नाही. उपचार सुरू होण्यापूर्वीच बराचसा संसर्ग होऊन गेलेला असतो, असे याचे स्पष्टीकरण देण्यात येते.

या निष्कर्षांमुळे आरोग्यधामांचे प्रयोजन जगभर झपाट्याने कमी झाले. भारतात १९६२ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम गृहोपचारांवरच उभारण्यात आला. परंतु परीक्षणातील देखरेख मोठ्या प्रमाणावर जमली नाही व अनेक रुग्ण मध्येच औषध सोडू लागले. ही उणीव मद्रास केंद्राच्याही ध्यानात आली होती. समक्ष औषध देण्याच्या पद्धतीचा अभ्यास तेथे पुढील काही वर्षांतच झाला. देखरेखीखालील उपचारांची योजना भारतात १९९७ पासून टप्प्याटप्प्याने अंमलात आली.

आहार गौण आहे, असा या परीक्षणाचा अर्थ काही काळ सरसकट लावला गेला, तो योग्य नव्हे. योग्य औषधे नियमित मिळाल्यास अपुऱ्या आहारावरही रोग बरा होऊ शकतो, एवढेच त्यावरून सिद्ध होते. रोग होऊ नये म्हणून आहाराचा उपयोग होतो काय, हा निराळा प्रश्न होय. झारखंडमध्ये २०१९–२२ या काळात २,८०० रुग्णांच्या १०,३४५ कुटुंबीयांवर झालेल्या परीक्षणात जादा शिधा मिळालेल्या कुटुंबांत नव्या क्षयरुग्णांचे प्रमाण सु. ३९ टक्क्यांनी कमी आढळले.