कर्करोगाचा निधी सैन्याच्या तिजोरीतून का आला?

#थ्रेड

१/ सैन्याच्या अंदाजपत्रकात रणगाडे, विमाने, दारूगोळा यांच्यासाठी पैसा असतो. १९९२ साली अमेरिकेच्या संरक्षण अंदाजपत्रकात मात्र २१ कोटी डॉलरची एक निराळीच तरतूद झाली. ती होती स्तनाच्या कर्करोगावरील संशोधनासाठी. ती तेथे कशी पोहोचली, याचा हा इतिहास.

२/ अमेरिकी सरकारने कर्करोग संशोधनाची जबाबदारी रीतसर स्वीकारली ती १९३७ साली. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या स्वाक्षरीने राष्ट्रीय कर्करोग संस्था स्थापन झाली. कायद्याने मंजूर केलेली वार्षिक रक्कम होती ७ लाख डॉलर.

३/ पुढचा मोठा टप्पा १९७१चा. मेरी लास्कर आणि डॉ. सिडनी फार्बर यांनी वर्षानुवर्षे चालवलेल्या प्रयत्नांना यश आले. २३ डिसेंबर रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी राष्ट्रीय कर्करोग कायद्यावर सही केली. संस्थेला आपली निधीची मागणी थेट राष्ट्राध्यक्षांपुढे मांडण्याचा अधिकार मिळाला.

४/ निधी वाढला, पण एक प्रश्न अनुत्तरित राहिला. कर्करोग हा एक आजार नव्हे. तो अनेक आजारांचा समूह आहे. मग कोणत्या कर्करोगाला किती पैसा द्यायचा, हे कोणी ठरवायचे? संस्थेचा कल प्रस्तावाची वैज्ञानिक गुणवत्ता पाहण्याकडे होता. रुग्णांना या निर्णयात स्थान नव्हते.

५/ १९८०च्या दशकात एड्सच्या रुग्णांनी रस्त्यावर उतरून संशोधनाचा निधी आणि धोरण दोन्ही बदलायला भाग पाडले. स्तनाच्या कर्करोगातून वाचलेल्या स्त्रियांनी हा धडा घेतला. १९९१ साली त्यांच्या संघटनांची राष्ट्रीय आघाडी उभी राहिली. त्याच वर्षी ६ लाखांहून अधिक पत्रे वॉशिंग्टनला पोहोचली. पुढच्या वर्षी मागणी आकड्यात मांडली गेली: आणखी ३० कोटी डॉलर.

६/ अडचण पैशाच्या अभावाची नव्हती, नियमाची होती. शीतयुद्ध संपले होते आणि संरक्षण खर्चाला कात्री लागत होती. परंतु १९९०च्या अर्थसंकल्पीय कायद्याने संरक्षण आणि देशांतर्गत खर्च यांच्यामध्ये भिंत उभारली होती. एका बाजूची बचत दुसऱ्या बाजूला नेता येत नव्हती.

७/ सिनेटर टॉम हार्किन यांच्या दोन बहिणी याच रोगाने गेल्या होत्या. संरक्षणाचा निधी आरोग्याकडे वळवण्याचा त्यांचा प्रयत्न फसला. तेव्हा त्यांना दिसले की सैन्याच्या अंदाजपत्रकात स्तनाच्या कर्करोगासाठी २.५ कोटींची एक छोटी तरतूद आधीपासूनच आहे. भिंत ओलांडण्याची गरजच उरली नाही. तीच तरतूद वाढवून २१ कोटींवर नेण्यात आली.

८/ सैन्याला या कामाचा अनुभव नव्हता, आणि तेच पथ्यावर पडले. नवी घडी बसवताना संशोधन प्रस्तावांची छाननी करणाऱ्या समित्यांवर शास्त्रज्ञांच्या शेजारी रोगातून वाचलेल्या स्त्रियाही बसल्या. त्यांना मताचा अधिकार होता. रुग्णांना मिळालेले हे स्थान पुढे इतरत्रही अनुकरणीय ठरले.

९/ वाट मोकळी होताच इतर रोगांचे रुग्णही त्या वाटेने आले. १९९७ साली प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी ४.५ कोटी डॉलर मिळाले आणि अंडाशयाच्या कर्करोगासाठीही कार्यक्रम सुरू झाला. फुप्फुसाचा कर्करोग अमेरिकेत सर्वाधिक बळी घेतो. त्याचा स्वतंत्र कार्यक्रम मात्र २००९ साली आला, अवघ्या २ कोटींचा.

१०/ हा उशीर का? स्तनाच्या कर्करोगातून वाचलेल्या स्त्रिया मोठ्या संख्येने मोर्चात चालू शकत होत्या. फुप्फुसाच्या आणि स्वादुपिंडाच्या कर्करोगात मागे उरणारेच थोडे. शिवाय धूम्रपानामुळे फुप्फुसाच्या रुग्णाकडे सहानुभूतीपेक्षा दोष अधिक आला. जो रोग अधिक घातक, त्याची बाजू मांडणारे तेवढेच कमी, असा हा क्रूर हिशेब होता.

११/ या हिशेबाची दखल कायद्याने घेतली ती जानेवारी २०१३ मध्ये. जगण्याची शक्यता अत्यल्प असलेल्या कर्करोगांसाठी राष्ट्रीय संस्थेने स्वतंत्र आराखडा करावा, असे बंधन आले. त्यात स्वादुपिंडाचा आणि फुप्फुसाचा एक प्रकार अग्रक्रमावर होता. ही तरतूद मंजूर झाली तीही संरक्षण खात्याच्याच वार्षिक कायद्याचा भाग म्हणून.

१२/ म्हणून वैद्यकशास्त्राचा इतिहास वाचताना प्रयोगशाळेइतकेच अंदाजपत्रकही वाचावे. कोणत्या रोगाचा अभ्यास आधी झाला, याचे उत्तर अनेकदा कोणाचा आवाज सभागृहापर्यंत पोहोचला, यात सापडते.