ससा एक, भाव अनेक

आमच्या मामूंच्या घरामागे लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यांची एक रांग आहे. देवळी तालुक्यातलं गाव, घरासमोर पराटीचं वावर. सात-आठ वर्षांपूर्वी त्या पिंजऱ्यांत पांढरे ससे होते. आज त्यात ढेपेची रिकामी पोती आणि मामींच्या दोन कोंबड्या आहेत. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले दोन लाख रुपये त्या पिंजऱ्यांत गेले. लग्न झालं, पण कर्ज काढून.

विकणाऱ्यांनी सांगितलं होतं ते असं: दहा सशांचं एक युनिट घ्या, सात माद्या आणि तीन नर. पिल्लं आम्हीच परत विकत घेऊ. परदेशात जिवंत सशाला डॉलरमध्ये भाव आहे. मामूंनी मला फोन केला होता. "मास्तर, तू शिकलेला माणूस, बघ जरा," म्हणाले. मी बघितलं नाही. शाळेत परीक्षा चालू होत्या. "सोच समझ के करो मामू," एवढं बोलून मी फोन ठेवला. तो फोन मला अजून बोचतो. त्या वेळी वाचायला हवं होतं ते पुढे वाचलं, आणि तेच आज इथे मांडतो आहे.

सुरुवात शब्दापासून करू. मराठीत ससा एकच, पण प्राणी दोन. आपल्या धुऱ्यावरून उड्या मारत जातो तो रानससा. त्याची पिल्लं अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात. पिंजऱ्यातला पांढरा ससा वेगळा. त्याचं मूळ स्पेन-पोर्तुगालकडचं. तो बिळात राहणारा, त्याची पिल्लं उघडी आणि डोळे मिटलेली जन्मतात. आमचे दादा सांगायचे, त्यांच्या तरुणपणी आठवडी बाजारात तितरासोबत रानससाही विकायला यायचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याची शिकार आणि विक्री गुन्हा ठरवली. पाळीव सशाला तो कायदा लागू नाही.

जगाच्या व्यापारात मात्र हे दोघं एकाच ओळीत येतात. आयात-निर्यातीच्या मालाला जे आंतरराष्ट्रीय सांकेतिक आकडे असतात, त्यात जिवंत ससे आणि रानससे मिळून ०१०६.१४ हा एकच आकडा आहे. हंगेरीत जाळी लावून जिवंत पकडलेले रानससे इटली-फ्रान्सच्या शिकारीच्या रानांत सोडायला जायचे, ते याच ओळीत. जातिवंत पैदाशीचे ससेही याच ओळीत. म्हणून "परदेशात सशाला भाव आहे" हे वाक्य ऐकलं की आधी विचारावं, कोणत्या सशाला? आणि घेणारा त्याचं करणार काय?

हा प्रश्न न विचारल्यामुळे मामूंच्या आधीही बरेच लोक बुडाले आहेत. १८७२-७३ चं टोकियो घ्या. जपानची बंदरं परदेशी जहाजांना खुली झाली होती आणि त्यातून विलायती ससे आले. पांढऱ्या अंगावर ठिपके असलेल्या सशाला तिथे 'सारासा' म्हणत. सारासा म्हणजे छापील कापड, जे मुळात आपल्या हिंदुस्थानातून तिकडे जायचं. अशा एकेका सशाचा भाव शेकडो येनवर गेला. जुनी चाकरी गेलेले सामुराईही त्यात उतरले. अखेर डिसेंबर १८७३ मध्ये सरकारने प्रत्येक सशावर महिन्याला एक येन कर लावला. भाव कोसळले, आणि कालचे अनमोल ससे मांसाच्या भावाने गेले.

मग अमेरिका. १८९८ ते १९०१ च्या दरम्यान लॉस एंजेलिस आणि आसपास 'बेल्जियन हेअर' या सशाचं वेड पसरलं. नावात रानससा असला तरी हा पाळीवच, फक्त रानसशासारखा दिसेल असा इंग्लंडमध्ये घडवलेला. तिथून तो जहाजाने आणला जाई. शेकडो घरांच्या मागच्या अंगणात पिंजरे लागले. नामांकित नराची किंमत हजार डॉलरच्या वर गेली. पण विकत घेणारा खाण्यासाठी घेत नव्हता. तो पिल्लं काढून पुढच्याला विकण्यासाठी घेत होता. ज्या दिवशी पुढचा माणूस आला नाही, त्या दिवशी तोही ससा मांसाच्या भावावर आला.

ऑस्ट्रेलियात उलटंच झालं. १८५९ मध्ये थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने शिकारीच्या हौसेसाठी इंग्लंडहून आणलेले चोवीसेक ससे व्हिक्टोरियात सोडले. पन्नास वर्षांत त्यांनी जवळपास अख्खा खंड व्यापला. पश्चिम ऑस्ट्रेलियाने १९०१ ते १९०७ या काळात त्यांना अडवायला तीन हजार किलोमीटरहून लांब कुंपण घातलं. त्या कुंपणाची गस्त उंटांवरून चाले. त्या देशात उंट आणले आणि रुळवले ते 'अफगाण' म्हणून ओळखल्या गेलेल्या उंटवाल्यांनी. त्यातले बरेच पेशावर, बलुचिस्तान, सिंधकडचे मुसलमान, कराचीहून जहाजात बसलेले. तिकडच्या पहिल्या मशिदी त्यांनीच उभ्या केल्या. हाच प्राणी टोकियोत शेकडो येनला आणि इथे त्याला हाकलायला सरकार पैसे मोजतंय. कारण सशाचं मोल त्याच्या अंगात नसतं, ते घेणाऱ्याच्या गरजेत असतं.

आता मामूंचा हिशेब. सशाची मादी महिनाभरात विते. वर्षाला पाच वेत आणि दर वेताला सहा पिल्लं धरली, तर सात माद्यांची २१० पिल्लं होतात. म्हणजे एका युनिटमधून वर्षात २१ नवी युनिटं. ती सगळी नव्या शेतकऱ्यांना विकायची म्हटली, तर दुसऱ्या वर्षी ४४१, तिसऱ्या वर्षी ९,२६१, चौथ्या वर्षी १ लाख ९४ हजार आणि पाचव्या वर्षी ४० लाखांहून जास्त घेणारे लागतील. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या १३ लाख होती. हे गणित माझ्या आठवीच्या मुलांनाही जमतं. मलाही त्या दिवशी जमलं असतं.

अशा योजनांत प्राणी बदलतो, गणित तेच राहतं. २०१२ मध्ये तमिळनाडूत पेरुंदुराईला इमू होता, २०१९ मध्ये आपल्या सांगलीत कडकनाथ कोंबडी होती. भाव दूर कुठेतरी ठरतो हे तर आपल्या जिल्ह्याला फारच जुनं दुखणं. अमेरिकेत १८६१ ला यादवी पेटली तेव्हा हिंगणघाटच्या कापसाला लिव्हरपूलमध्ये सोन्याचा भाव आला. १८६५ ला ती थांबली आणि तो उतरला. पण तेव्हा निदान कापसाचं सूत निघत होतं, सुताचं कापड होत होतं, आणि ते कापड कुणीतरी अंगावर घालत होतं.

सशाचं मांस खाणारे आहेत, नाही असं नाही. बहुसंख्य सुन्नी उलेमांच्या मते ते हलाल आहे. हजरत अनस यांची सशाच्या शिकारीची हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. पण आमच्या गावात, खरं सांगायचं तर आमच्या घरातही, ससा कुणी खात नाही. मामूंचे उरलेले ससे शेवटी असेच वाटले गेले, पोरांना खेळायला.

धर्माचाच विषय निघाला म्हणून एक गोष्ट. इस्लामपूर्व अरबस्तानात एक सौदा चाले. गाभण उंटिणीला पिल्लू होईल आणि पुढे त्या पिल्लालाही पिल्लू होईल, त्या वायद्यावर व्यवहार व्हायचा. त्याला 'हबलुल हबला' म्हणत. पैगंबरांनी (स.) त्याची मनाई केली. मी ही हदीस मदरशात लहानपणीच पाठ केली होती. मामूही केले असतील. आम्हा दोघांनाही ती उंटांची गोष्ट वाटली, सशांची आहे हे कळलं नाही.

मामू आता यावर बोलत नाहीत. मीही विषय काढत नाही. पण गेल्या महिन्यात गावातला एक तरुण माझ्याकडे आला. त्याच्या हातात रंगीत पत्रक होतं, प्राणी दुसरा. या वेळी मी घड्याळ बघितलं नाही. त्याला बसवलं, चहा दिला, वहीचं पान फाडून वरचं गणित मांडलं. मग एकच विचारलं, "बेटा, याला शेवटी खाणार कोण, नाहीतर वापरणार कोण? त्याचं नाव, गाव आणि तो आज देत असलेला भाव घेऊन ये. मग आपण पुढचं बोलू."

तो अजून परत आलेला नाही. उद्या जुम्याच्या नमाजनंतर मीच त्याच्या घरी जाणार आहे.