व्हिक्टोरिया धबधबा पूल

व्हिक्टोरिया धबधबा पूल : आफ्रिका खंडातील झांबेझी नदीच्या घळईवरील पोलादी कमानपूल. जाणाऱ्या आगगाडीच्या डब्यांवर धबधब्याचे तुषार पडावेत इतक्या निकट हा पूल असावा, अशी ब्रिटिश साम्राज्यवादी सेसिल ऱ्होड्स याची इच्छा होती. परंतु १९०२ मध्ये निधन पावल्याने ती फलद्रूप झालेली पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. आराखडा जॉर्ज हॉब्सन याचा. बांधणी डार्लिंग्टन येथील क्लीव्हलँड ब्रिज कंपनीची. सुमारे १५६ मी. गाळ्याच्या या कमानीस, प्रवाहापासून १२८ मी. उंचीवर, खालून आधार देणे अशक्य असल्याने तिचे दोन्ही अर्धभाग, मागील खडकाशी पोलादी दोरांनी जखडून, काठांवरून अधांतरी पुढे नेण्यात आले. ते भिडण्याच्या बेतात आले तेव्हा दिवसाच्या उन्हाने प्रसरण पावलेले पोलाद किंचित लांब भरले, आणि रात्रीच्या गारव्याने ते आकुंचन पावताच १ एप्रिल १९०५ रोजी पहाटे सांधा बिनचूक बसला. गणिताच्या अचूकतेचा याहून बोलका दाखला स्थापत्याच्या इतिहासात विरळाच. उद्‌घाटन १२ सप्टेंबर १९०५ रोजी, चार्ल्स डार्विन यांचे पुत्र प्रा. जॉर्ज डार्विन यांच्या हस्ते झाले. ऑगस्ट १९७५ मध्ये ऱ्होडेशियाच्या (आताच्या झिंबाब्वेच्या) भवितव्याविषयीच्या वाटाघाटी याच पुलावर उभ्या केलेल्या आगगाडीत झाल्या, पण त्या निष्फळ ठरल्या. झांबिया व झिंबाब्वे यांची सरहद्द या पुलावरून जाते.