परतणारा चेंडू आणि देकार्तची चूक

सेकंदाला 10 मीटर वेगाने भिंतीवर आदळलेला चेंडू तेवढ्याच वेगाने माघारी आला. त्याच्या गतीत किती बदल झाला? सतराव्या शतकातील थोर फ्रेंच तत्त्वज्ञ रेने देकार्त यांच्या हिशेबाने गतीच्या परिमाणात बदल शून्य. बदलली ती केवळ दिशा.

1637 च्या प्रकाशविषयक ग्रंथात देकार्त यांनी परावर्तन समजावताना टेनिसच्या चेंडूचेच उदाहरण घेतले होते. पुढे 1644 मध्ये त्यांनी टकरीचे सात नियम मांडले. विश्वातील एकूण गती ईश्वर कायम राखतो, ही त्यामागची श्रद्धा. गती मोजताना मात्र त्यांनी दिशा वगळली. त्यामुळे चौथा नियम चमत्कारिक निघाला: लहान वस्तू कितीही वेगाने आदळली, तरी स्थिर असलेल्या मोठ्या वस्तूला ती तसूभरही हलवू शकत नाही, स्वतःच तितक्याच वेगाने माघारी फिरते. गोट्या खेळणारे कोणतेही पोर याला हसले असते.

हॉलंडमध्ये मात्र हसणे सोपे नव्हते. ख्रिस्तियान हायगेन्सचे वडील देकार्त यांचे स्नेही, तर गणिताचे गुरू फ्रान्स व्हान स्कूटेन त्यांचे निष्ठावंत अनुयायी. विशीतल्या हायगेन्सने नियमांवर शंका घेतली, तेव्हा गुरूंनी त्याला या उद्योगापासून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. तो थांबला नाही.

त्याची युक्ती अस्सल डच होती. कालव्यातून संथ चाललेल्या नावेत एक माणूस दोन समान गोळे समान वेगाने एकमेकांवर आदळवतो. ते तसेच मागे फिरतात. नावेचा वेग गोळ्याच्या वेगाइतकाच असेल, तर काठावरच्या माणसाला काय दिसेल? एक गोळा आधी स्थिर, दुसरा दुप्पट वेगाने येणारा; टकरीनंतर पहिला पळतो, दुसरा थबकतो. टक्कर एकच, पाहणारे दोन. याच मार्गाने हायगेन्सने दाखवले की कितीही लहान वस्तू कितीही मोठ्या वस्तूला हलवतेच. 1656 च्या सुमारास हे लिखाण सिद्ध झाले, पण त्याने ते छापले नाही.

हा संकोच महागात पडला. 1668 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने टकरीचा प्रश्न हाती घेतला. जॉन वॉलिस, क्रिस्टोफर रेन आणि हायगेन्स या तिघांनी उत्तरे पाठवली. 1669 च्या आरंभी छापली गेली ती पहिल्या दोघांचीच. दुखावलेल्या हायगेन्सने मार्चमध्ये आपले नियम पॅरिसच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यांतील कळीचा मुद्दा असा: टकरीत गतीची बेरीज घटू-वाढू शकते, मात्र उलट दिशेची गती वजा केली, तर उरणारे परिमाण कायम राहते. तोच आजचा संवेग. भिंतीवरच्या चेंडूचा वेग अधिक 10 वरून उणे 10 होतो, फरक 20. तेवढाच संवेग भिंतीला आणि तिच्यासह पृथ्वीला मिळतो. (शाळेत ‘चाल’ आणि ‘वेग’ वेगळे का शिकवतात, त्याचे उत्तर या भांडणात आहे.)

न्यूटनने 1687 च्या ‘प्रिन्सिपिया’मध्ये तिघांचेही ऋण मान्य केले आणि लंबकाला गोळे टांगून प्रत्यक्ष मोजमाप दिले. काचेचे गोळे परस्परांपासून दूर गेले ते जवळ येतानाच्या वेगाच्या सुमारे 15/16 वेगाने. घट्ट वळलेल्या लोकरीचे, जेमतेम 5/9.

हायगेन्सचा मूळ ग्रंथ छापला गेला 1703 मध्ये. त्याला जाऊन तेव्हा आठ वर्षे झाली होती.