बंदुकीकडून दुर्बिणीकडे

एप्रिल १९०९ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट शिकारीसाठी आजच्या केनियातल्या मोंबासाला उतरले. मोहिमेची सूत्रं आर. जे. कनिंगहॅम या मुरलेल्या शिकाऱ्याकडे होती. तंबू, मीठ, अगदी पुस्तकांच्या पेट्याही डोक्यावर वाहायला दोनशेहून अधिक हमाल होते. रूझवेल्ट आणि त्यांचा मुलगा कर्मिट यांनी मिळून ५१२ प्राणी टिपले.

अशा मोहिमांतल्या गोऱ्या शिकाऱ्यांची नावं ग्रंथांत आली. माग काढणारे मात्र बहुतेक निनावी राहिले. त्यांत कांबा समाजातले अनेक जण होते. दबलेलं गवत, ताजी लीद, बदललेला वारा यांवरून जनावर किती दूर आहे, हे ते ओळखत. सफारी खऱ्या अर्थाने त्यांच्याच डोळ्यांवर चाले.

१९७७ मध्ये केनियाने शिकारीवर बंदी घातली.

बंदूक गेली, पण माग काढण्याची विद्या टिकली. ती आता पर्यटकांना प्राणी दाखवणाऱ्या गाइडांच्या कामी येऊ लागली. १९९६ मध्ये केनियातल्या या गाइडांनी व्यावसायिक संघटना उभारली. तिच्या परीक्षा ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा चढत्या पायऱ्यांच्या आहेत.

आज मराठी पर्यटकही केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात जातात. त्यांनी सिंहाजवळ गाडी नेण्याचा हट्ट धरू नये. गाइड थांबा म्हणाला, की थांबावं.