शिडनौकेचे नियंत्रणदोर : घर्षण आणि कप्प्यांची निवड

शिडाला ताण देऊन त्याचा आकार बदलणारे दोर म्हणजे नियंत्रणदोर. बूम (शिडाच्या तळाचा आडवा दांडा) खाली ओढून धरणारा वँग, शिडाची पुढची कड ताणणारा कनिंगहॅम आणि तळकड ताणणारा आउटहॉल हे त्यांतले मुख्य. शिडापासून खलाशाच्या हातापर्यंत येताना हे दोर अनेकदा वळतात आणि प्रत्येक वळणावर ओढीचा काही भाग घर्षणात जातो.

हे घर्षण ओढताना जाणवते, पण त्याचा जाच जास्त होतो तो दोर सोडताना. ओढताना कमी पडलेला जोर माणूस अंग झोकून भरून काढतो. सोडलेला दोर मागे खेचायला मात्र शिडातल्या वाऱ्याखेरीज कोणी नसते. वारा मंद असला की दोर पकडून ठेवणाऱ्या क्लीटमधून मोकळा केलेला वँग जागीच अडतो, बूम वर येत नाही आणि खलाशाला तो हाताने ढकलावा लागतो. त्यामुळे कोणत्याही मांडणीची परीक्षा जोरदार वाऱ्यापेक्षा मंद वाऱ्यात घ्यावी.

स्थिर, गोल पृष्ठभागावरून वळणाऱ्या दोराचे गणित ऑयलरच्या सूत्राने मांडता येते. घर्षणगुणांक ०.१ धरला, तर पलीकडे १०० किलोंची ओढ पोचवायला ३०° वळणावर सुमारे १०५, ९०° वळणावर ११७ आणि १८०° वळणावर १३७ किलो जोर लागतो. पृष्ठभागाची त्रिज्या या सूत्रात येतच नाही. त्यामुळे दोर ओवायला नुसती मोठी कडी घेतल्याने हे घर्षण घटत नाही. कप्पीची गोष्ट वेगळी. तिथे चाक दोराबरोबर फिरते, घासते ते आसापाशी. चाक मोठे आणि आस बारीक असेल तितका तोटा कमी. चाकाचा व्यास दोराच्या व्यासाच्या निदान आठपट असावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. फार लहान चाकावर दोर वाकवण्यातच जोर खर्च होतो आणि दोरही लवकर खराब होतो.

शिडाच्या युद्धनौकेवर हजाराच्या आसपास लाकडी कप्प्या लागत. त्यांची चाके बहुधा लिग्नम व्हायटी या अंगच्याच तेलकट, कठीण लाकडाची असत. पोर्ट्समथच्या गोदीत मार्क ब्रुनेल यांनी आखलेली आणि हेन्री मॉडस्ले यांनी घडवलेली यंत्रे १८०८ च्या सुमारास वर्षाला १,३०,००० कप्प्या तयार करीत. मोठ्या प्रमाणावरील यांत्रिक उत्पादनाचे हे एक आद्य उदाहरण मानतात. छोट्या नौकांवर खरा फरक पडला तो १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील पीटर व ओलाफ हार्केन या बंधूंनी प्लॅस्टिकच्या गोळ्यांचे बेअरिंग असलेल्या कप्प्या बाजारात आणल्यावर.

गोळ्यांची कप्पी हलक्या भाराखाली फारच मोकळी फिरते, म्हणून सतत हलणाऱ्या दोराला ती उत्तम. जड भार तासन्‌तास एकाच जागी राहिला, तर मात्र प्लॅस्टिकच्या गोळ्या चेपण्याची भीती असते. अशा जागी साध्या बेअरिंगची कप्पी बरी. कठीण ॲनोडाइझ केलेली ॲल्युमिनियमची कडी हा तिसरा पर्याय. तिच्यात फिरणारा भागच नाही. ती हलकी, स्वस्त आणि भाराला दणकट. वळण थोडे, दोराची हालचाल कमी आणि दोर डायनीमा या कृत्रिम धाग्यासारखा गुळगुळीत असेल तर कडी पुरते. दोर पूर्ण उलटा फिरत असेल तिथे कप्पीच हवी.

कप्पीवर येणारा भारही वळणावरच ठरतो : १८०° वळणावर तो दोरातील ताणाच्या दुप्पट, ९०° ला १.४ पट, तर ३०° ला निम्माच असतो. त्यामुळे महागडी कप्पी विकत घेण्याआधी एखादे वळण वगळता येते का, ते पाहावे. न लागणारे वळण काढून टाकण्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

जोर वाढवण्याच्या मांडणीतही हेच दिसते. प्रत्येक चाकावरून ९५% ओढ पुढे जाते असे धरले, तर एकच दोर आठ चाकांवरून नेणारी ८ : १ मांडणी प्रत्यक्षात ६.४ पट जोर देते. २ : १ च्या तीन मांडण्या एकीपुढे एक जोडल्या, तर तीनच चाकांत ७.४ पट जोर मिळतो. मात्र या साखळीचा पल्ला तोकडा असतो. तिच्यात शिडाकडच्या टप्प्यावर भार जास्त आणि हालचाल कमी असते, म्हणून तिथे कडी बसवतात. हाताकडच्या टप्प्यावर गोळ्यांची कप्पी.

ब्रूस कर्बी यांनी आखलेली आणि १९७१ मध्ये बाजारात आलेली लेझर (आजची आयएलसीए ७) ही एकट्याने चालवायची ऑलिंपिक नौका या विषयाचा चांगला नमुना आहे. पूर्वी तिच्यावर कनिंगहॅमचा जोर वाढवायला दोराच्याच फासांतून दोर ओवत; दोरावर दोर घासून बराच जोर वाया जाई. २००१ च्या नियमबदलाने तिथे कप्प्या आल्या. वँगला १५ : १ ची कमाल मर्यादा आहे, गुणोत्तर त्यापुढे वाढवता येत नसल्याने उरतो तो घर्षणाचाच प्रश्न. मुंबईच्या आर्मी यॉटिंग नोडमध्ये सराव केलेले विष्णू सरवणन टोकियो व पॅरिस ऑलिंपिकमध्ये याच वर्गात उतरले होते.

खारे पाणी वाळले की मिठाचे कण गोळ्यांच्या फटीत साचतात आणि चाक बोटाने फिरवले तरी खरखरते. गोड्या पाण्याने धुणे एवढाच त्यावर उपाय. ग्रीस लावू नये, त्यात रेती चिकटते. कडीच्या आतल्या बाजूवरून नख फिरवावे. ओरखडा लागला तर ती बदलावी, कारण तोच ओरखडा पुढे दोराचे धागे तोडतो.