बैलाचे दात आणि बातमीचे दात : १८८२चे कोल्हापूर प्रकरण

१/ जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागात, कल्याण–नगर रस्त्यावर बेल्हे हे बाजाराचे गाव आहे. तेथील सोमवारचा बैलबाजार प्रसिद्ध आहे. बैलबाजारात जाणते गिऱ्हाईक केवळ विकणाऱ्याच्या शब्दावर पैसे मोजत नाही. ते जबडा उघडून दात पाहते, बैल चालवून पाहते, खुरांवर नजर फिरवते. सौद्याची बोटे रुमालाखाली जातात ती त्यानंतर.

२/ मानवी संवादाची मूलतत्त्वे या व्यवहारात सापडतात. बोलणारा समोर उभा असतो. ऐकणाऱ्याला उलट प्रश्न करता येतो. माल खोटा निघाला, तर पुढच्या सोमवारी विकणाऱ्याला गाठता येते. छापील बातमी हे तिन्ही आधार काढून घेते. वाचकाला बातमीचे दात पाहता येत नाहीत. ते काम त्याच्या वतीने संपादकाने करायचे असते. वृत्तपत्रीय नीतीचा पाया एवढाच आहे.

३/ हा पाया किती महत्त्वाचा, हे मराठी पत्रसृष्टीने फार लवकर आणि फार महागात अनुभवले. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले. त्यानंतर सुमारे पन्नास वर्षांनी, जानेवारी १८८१ मध्ये पुण्यातून ‘मराठा’ हे इंग्रजी आणि ‘केसरी’ हे मराठी साप्ताहिक सुरू झाले. ‘केसरी’चे संपादक गोपाळ गणेश आगरकर, तर ‘मराठा’ची जबाबदारी बाळ गंगाधर टिळकांकडे होती. दोघेही तेव्हा पंचविशीच्या आसपासचे.

४/ त्या काळी साक्षरता थोडी होती. एकाने मोठ्याने वाचायचे आणि भोवती बसलेल्यांनी ऐकायचे, ही वाचनाची सर्वसाधारण रीत होती. त्यामुळे अंकाचा खप आणि अंकाचा प्रभाव यांत मोठे अंतर असे. मंगळवारी पुण्यात छापलेला मजकूर पुढे कोणत्या पारावर, कोणत्या बाजारात, कोणत्या रूपात पोहोचेल, हे संपादकाच्या हाती राहत नसे.

५/ याच सुमारास कोल्हापूरची गादी चिंतेचा विषय झाली होती. छत्रपती चौथे शिवाजी महाराज हे दत्तक आलेले, विशीच्या उंबरठ्यावरचे तरुण राजे. त्यांना वेड लागल्याचे सरकारी गोटातून सांगितले जाई. त्यांना क्रूरपणे वागवले जाते, अशी लोकांत बोलवा होती. राज्याचा कारभार दिवाण माधवराव बर्वे यांच्या हाती होता.

६/ पुण्यात काही पत्रे पुढे आली. ती बर्व्यांनी लिहिली आहेत आणि त्यांतून महाराजांच्या जिवावर उठलेला कट दिसतो, असे सांगण्यात आले. ‘केसरी’ व ‘मराठा’ यांनी बर्व्यांवर जळजळीत टीका केली आणि त्या पत्रांना प्रसिद्धी दिली. महाराजांविषयीची कळकळ खरी होती. पत्रांची पारख मात्र झालेली नव्हती.

७/ बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. खटल्यात पत्रे बनावट असल्याचे दिसून आले. संपादकांनी चूक मान्य करून माफी मागितली, तरी खटला थांबला नाही. १७ जुलै १८८२ रोजी टिळक व आगरकर यांना चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस काढून २६ ऑक्टोबर रोजी ते सुटले. त्या दिवसांवर आगरकरांनी पुढे पुस्तकही लिहिले.

८/ खटला सुरू असताना एक विलक्षण गोष्ट घडली. दोघांना जामीन हवा होता. जोतीराव फुले यांच्या सांगण्यावरून सत्यशोधक रामशेट उरवणे यांनी दहा हजार रुपयांचा जामीन दिला. पुण्यातील या दोन गटांत विचारांचे अंतर मोठे होते. पण संपादक संकटात सापडले असता ते अंतर आड आले नाही. मतभेद आणि माणुसकी यांचे हिशेब वेगळ्या वहीत ठेवता येतात, हेही संवादाचे एक तत्त्वच.

९/ या प्रकरणाकडे केवळ सरकारी दडपशाही म्हणून पाहणे अपुरे ठरते. देशी वृत्तपत्रांवर बंधने घालणारा १८७८चा कायदा त्याच १८८२ साली रद्द झाला होता. टिळक–आगरकर तुरुंगात गेले ते त्या कायद्यामुळे नव्हे, एका व्यक्तीच्या अब्रूवर न तपासलेल्या पुराव्याने घाव घातला म्हणून. ज्याच्यावर आरोप करायचा, तोही माणूस असतो. त्याची बाजू ऐकणे हा बातमीचाच भाग असतो.

१०/ आणि तरीही गोष्ट येथे संपत नाही. महाराजांना पुढे अहमदनगरला ठेवण्यात आले. २५ डिसेंबर १८८३ रोजी, त्यांच्यावर नेमलेल्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत त्यांचा मृत्यू झाला. वय अवघे वीस. १७ मार्च १८८४ रोजी दत्तकविधान होऊन शाहू महाराज कोल्हापूरच्या गादीवर आले.

११/ म्हणजे पत्रे खोटी होती, पण महाराजांच्या जिवाला वाटणारा घोर खोटा नव्हता. बर्व्यांवरील कटाचा आरोप सिद्ध झाला नाही. महाराजांचे हाल मात्र संपले नाहीत. खोट्या पुराव्याचा सर्वांत मोठा तोटा हाच. तो खऱ्या तक्रारीलाही आपल्याबरोबर बुडवतो. पत्रे बनावट ठरल्यावर महाराजांच्या बाजूने बोलणाऱ्या प्रत्येकाला गप्प करणे सोपे झाले.

१२/ टिळक–आगरकरांची लोकप्रियता या तुरुंगवासाने वाढली, हे सर्वत्र सांगितले जाते. त्यांनी चूक उघडपणे कबूल केली होती, हे क्वचितच सांगितले जाते. मराठी पत्रकारितेच्या वारशात तुरुंगवासाइतकेच त्या कबुलीलाही स्थान मिळायला हवे. छापलेला शब्द परत घेण्याचे धैर्य नसेल, तर छापण्याच्या धैर्याला फारशी किंमत उरत नाही.

१३/ बेल्ह्यावरून पूर्वेकडे जाणारा रस्ता नगरला पोहोचतो. त्याच नगरात तो तरुण राजा अखेरचा श्वास सोडून गेला. आज त्या रस्त्याने बातमीला जायला क्षणही लागत नाही, आणि मोबाइल हाती असलेला प्रत्येक जण तिचा वाहक झाला आहे. संदेश पुढे ढकलण्याआधी तो कोणी लिहिला, त्याने स्वतः काय पाहिले आणि ज्याच्याविषयी लिहिले त्याचे म्हणणे काय, हे तीन प्रश्न विचारायला फार वेळ लागत नाही. बैलबाजारातले गिऱ्हाईक दात पाहायला घेते, तेवढाच.